मक्यासाठी हवाबंद पिशवी घ्यावी का? दोन हंगाम वापरून लिहितेय

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. ५० किलोची तीन पदरी हवाबंद पिशवी, आत जाड प्लॅस्टिकचे दोन पदर आणि बाहेरून आपली नेहमीची विणलेली गोणी, ही मी दोन हंगाम मक्याला वापरली. पाचपैकी चार स्टार. यंदा अजून वीस घेणार आहे. पण मका नीट वाळवायची तयारी नसेल तर घेऊ नका, पिशवीचे पैसेही जातील आणि मकाही जाईल. का ते खाली लिहिलंय, लांबलंय जरा, पण ज्यांच्या दावणीला गाई आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमचं घर सांगोला तालुक्यात. सात गाई, थोडं डाळिंब, आणि खरिपाचा मका जो आम्ही विकत नाही, भरडून गाईंनाच घालतो. आमच्याकडं पावसाचं सगळं उलटं असतं, जून-जुलैत नुसतं आभाळाकडं बघत बसायचं आणि मका काढणीला आला की परतीचा पाऊस धो धो. तीन वर्षांपूर्वी तेच झालं. मळणी झाली, दोन दिवस ऊन मिळालं, तिसऱ्या दिवशी परत ढग, म्हणून घाईघाईनं बारदानात भरला आणि शेडमध्ये थप्पी लावली. जानेवारीत मधल्या पोत्यात हात घातला तर आतून गरम. बाहेर थंडीत हात गारठलेले आणि पोत्याच्या पोटात ऊब, अंगात ताप असल्यासारखी. थप्पी मोडली तेव्हा चौदातली पाच पोती आतून ढेकूळ झालेली, दाण्याला दाणा चिकटलेला, आणि पोतं हलवलं की पिवळसर हिरवी पूड धुरासारखी वर यायची.

ती पाच टाकली. बाकीच्या नऊ पोत्यांतला मका दिसायला बरा होता म्हणून चाळून घालत राहिलो, आणि आज मागं वळून बघताना मला सगळ्यात जास्त वाईट त्या नऊ पोत्यांचं वाटतं. दूध तुटलं, एक गाय चारा तोंडात घेऊन सोडून द्यायला लागली. डॉक्टर आले, गव्हाणीतला भरडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले आजपासून हा बंद. बंद केल्यावर गाय खायला लागली.

मग मी कृषी विज्ञान केंद्रात त्याच मक्याची पिशवीभर घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी मूठभर दाणे पांढऱ्या बशीत पसरले आणि भिंग माझ्या हातात दिलं. मला वाटायचं बुरशी म्हणजे बुरशी, ओल लागली की येते. भिंगातून बघितलं तर एका दाण्याच्या बुडाला, जिथं तो कणसाला धरून असतो तिथं, पांढरट गुलाबी कापूस. दुसऱ्याच्या कोंबावर ती पिवळी हिरवी पूड. तिसऱ्याचं टरफल मळणी यंत्रात फुटलेलं, त्या फटीत काजळीसारखी काळी. आणि एका दाण्यावर गुलाबी आणि हिरवी दोन्ही होत्या, मधे मात्र बारीक मोकळी रेघ, दोघींनी बांध घालून ठेवल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, ताई, हे बांधावरचंच भांडण आहे, एका दाण्यावर दोघींना पुरेल एवढं नसतं.

ते भांडण समजलं तेव्हा साठवण म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं, म्हणून इथं लिहिते. गुलाबी कापूस म्हणजे फ्युजेरियम, ही शेतातूनच कणसाबरोबर येते, तिला भरपूर ओल लागते आणि दाणा वाळत गेला की ती थांबते. मग पाळी येते कमी पाण्यात जगणाऱ्या बुरशींची, त्या साडेचौदा-पंधरा टक्के ओलाव्यावर पण हळूहळू वाढतात, डोळ्याला दिसत सुद्धा नाहीत. त्या दाणा खातात, श्वास घेतात आणि श्वासातून पाणी आणि ऊब सोडतात. सोंडकिडे पण तेच करतात. म्हणजे तुम्ही पोतं कोरडं भरलं असं समजून निवांत असता आणि पोत्याच्या मधोमध एक जागा हळूहळू ओली आणि गरम होत असते. ती जागा सोळा टक्क्यांच्या वर गेली की अस्परजिलस फ्लेव्हस उठते, तीच ती पिवळी हिरवी. तिला ३० ते ३५ डिग्री तापमान मानवतं, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यात तिला घरच्यासारखंच. गारवा आणि खूप ओल असेल तर फ्युजेरियम वरचढ होते, उन्हाळा आणि मध्यम ओल असेल तर फ्लेव्हस. पावसानं ताण दिला आणि मका उभा असतानाच होरपळला तर फ्लेव्हस शेतातच कणसात शिरते. म्हणजे विष कधी कधी मळणीच्या आधीच आलेलं असतं.

फ्लेव्हस जे विष करते ते अफ्लाटॉक्सिन. नावातलं "अ" अस्परजिलसचं आणि "फ्ला" फ्लेव्हसचं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडलं, तेव्हा जगाला कळलं. आपल्या शेजारी १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका साठवून खाल्ला म्हणून कावीळ आणि पोटात पाणी होऊन शंभरावर माणसं गेली, बहुतेक आदिवासी कुटुंबं, ज्यांच्या घरी मक्याशिवाय दुसरं धान्यच नव्हतं. त्या घरांतली कुत्री पण आजारी पडली होती. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आपण टाकून देऊ शकलो आणि त्यांच्याकडं टाकायला दुसरं काही नव्हतं.

आपल्याकडं एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाची, मर्यादा धान्याला किलोमागं १५ मायक्रोग्रॅम आहे. क्विंटलचा हिशेब केला तर दीड मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ त्याच्या दोनशे पट तरी भरेल. आणि हे शिजवून जात नाही, भाकरी भाजून, भरडा उकळून काही होत नाही, अडीचशे डिग्रीच्या आसपास पोचल्याशिवाय ते मोडत नाही. गाईच्या पोटात गेलं की थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो, त्याला अफ्लाटॉक्सिन एम१ म्हणतात, खाल्ल्यापासून दिवसभरात दुधात येतं आणि खाणं बंद केलं की तीन-चार दिवसांत जातं. दुधाची मर्यादा किलोमागं ०.५ मायक्रोग्रॅम. आपलं दूध कुणाचं तरी लेकरू पितं, एवढं पुरेसं आहे मला.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात नवी होती. रंगावरून विष कळत नाही. काळी बुरशी किंवा फ्युजेरियम आधी जागा धरून बसली तर फ्लेव्हसला जागा कमी पडते आणि अफ्लाटॉक्सिन बऱ्याचदा कमी तयार होतं. मी लगेच म्हटलं, मग बरंच आहे की. मॅडम म्हणाल्या नाही, कारण जिंकणारीचं स्वतःचं विष असतं. १९९५ मध्ये कर्नाटक आणि आंध्रातल्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, ते फ्युजेरियमच्या फ्युमोनिसिन नावाच्या विषामुळं. आणि उलटंही आहे, फ्लेव्हसच्या सगळ्या जाती विष करत नाहीत, दिसायला त्याच पिवळ्या हिरव्या पण विष करायची ताकदच नाही अशाही असतात. याच गोष्टीचा नायजेरियात इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेनं अमेरिकेच्या कृषी खात्याबरोबर उपयोग करून घेतला, अफ्लासेफ म्हणून. भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बिनविषारी फ्लेव्हस चढवतात आणि मका फुलोऱ्यात यायच्या दोन-तीन आठवडे आधी एकरी चार किलो शेतात फेकतात, ती आधी जागा धरते आणि विषारीला शिरू देत नाही. भावकीतलाच माणूस बांधावर उभा करायचा असा प्रकार आहे. आणि वाहन कोण, तर आपली ज्वारी! मी आमच्या दुकानात मागून बघितलं, मिळालं नाही. मिळालं तर पहिली मीच घेणार.

तोपर्यंत पिशवी. तिचं काम कसं चालतं तर तोंड घट्ट बांधलं की आतले किडे आणि दाणे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. किडे खायचे थांबतात, मग मरतात. बुरशीलाही हवा लागते, त्यामुळं गुलाबी, हिरवी, काळी सगळ्यांचंच भांडण आहे तिथं थांबतं. पिशवी कुणाची बाजू घेत नाही. आणि भरताना जे विष आत गेलं ते काढतही नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. कीड मारायच्या गोळ्यांचंही तेच, अल्युमिनियम फॉस्फाइडनं किडा मरतो, बुरशीचं काही वाकडं होत नाही, आणि माणसाच्या जिवाला धोका तो वेगळाच. आमच्या घरात त्या गोळ्या आता येत नाहीत, पिशवीला दिलेल्या चार स्टारपैकी एक निव्वळ त्यासाठी.

पहिल्या वर्षी मी सहाच पिशव्या घेतल्या आणि मुद्दाम तपासायचं ठरवलं. चार पिशव्यांत नीट वाळवलेला मका, ओलाव्याच्या मीटरवर साडेबारा ते तेरा टक्के. एका पिशवीत जाणूनबुजून सतरा टक्क्यांचा. सहावीत पण कोरडाच होता पण ती शेडच्या कोपऱ्यात राहिली. शिवाय त्याच कोरड्या मक्याची दोन साधी बारदानं. दिवाळीनंतर भरलं आणि एप्रिलच्या शेवटी उघडलं.

कोरड्या चार पिशव्या उघडल्या तेव्हा वास आला तो मळणीच्या दिवशीचा. खरंच सांगते, आमच्या सासूबाईंनी ओंजळ भरून नाकाला लावली आणि काही न बोलता परत परत वास घेत राहिल्या. पिशवीच्या तोंडाशी, पिळ्याच्या सुरकुत्यांत, मेलेले सोंडकिडे ओळीनं अडकलेले, हवा शोधत वर आलेले. दाणा दाताखाली कट्ट वाजला. बारदानातला मका मात्र पन्नासचा सेहेचाळीस भरला, खाली पिठाचा थर, हातावर किडे.

सतरा टक्केवाल्या पिशवीचं तोंड सोडलं तर आंबूस, दारूसारखा वास. ज्यांच्याकडं मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, आहे त्यांना हा वास लगेच कळेल. तिथंही हेच असतं, हवा गेली की आंबवणारे जिवाणू वरचढ होतात आणि आंबटपणानं बाकीच्यांना दाबतात, पण मुरघास आपण दाबून, ठरवून करतो, इथं ते अर्धवट झालेलं. आणि कमी हवेत पण जगणाऱ्या निळसर बुरशी असतात, मुरघासाच्या कडेला जे निळे गोळे निघतात त्या जातीच्या, तसे दोन गोळे या पिशवीत निघाले. पसरून ठेवला तर दुसऱ्याच दिवशी ढीग गरम. टाकला. म्हणजे ओला मका हवाबंद केला की तो वाळत नाही, ओल बाहेर जायची वाटच तुम्ही बंद केलेली असते.

सहाव्या पिशवीला उंदरानं खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक पाडलं होतं. वरून काहीच कळत नव्हतं. ओतली तर भोकाभोवती ओंजळभर मका पिवळा हिरवा आणि वरचा सगळा छान. मी चांगल्या पिशवीतला एक आणि या पिशवीतला एक असे दोन नमुने लॅबला दिले. पहिला मर्यादेच्या पुष्कळ खाली, दुसरा वर. ओंजळभर मक्यानं आख्खी पिशवी गेली. हे विष सगळीकडं सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत ठासून भरलेलं असतं, त्यामुळं नमुना देताना एका मुठीवर जाऊ नका, वरून, मधून, तळातून काढून एकत्र करून द्या. जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली मका धरून हिरवट चमकतो का बघायचं असं काहीजण सांगतात, मी करून बघितलं, पण ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, फ्लेव्हसच करते त्या कोजिक ॲसिडपासून येते. फ्लेव्हस येऊन गेलीय एवढं कळतं, विष आहे का आणि किती हे नाही.

माहेर माझं मंगळवेढ्याकडचं. पिशवीचं तोंड बांधताना मला आज्ज्याचं पेव आठवलं. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंड दगड आणि मातीनं लिंपलेलं, आत मालदांडी ज्वारी. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे आणि आम्ही पोरं काठावर पालथी पडून बघायचो. कंदील विझला तर कुणालाच उतरू द्यायचे नाहीत. आज्ज्याला प्राणवायू शब्द माहीत नव्हता पण आतली हवा ज्वारीनं खाल्लीय हे त्याला पक्कं माहीत होतं. हीच ती पिशवी की! सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं याच तत्त्वावर होती. पण पेवाची एक बाजू आज कळते. भिंतीला लागलेली ज्वारी जमिनीची ओल ओढून काळपट पडायची, ती वेगळी काढायचे आणि ती जनावरांना जायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, माणसानं खाऊ नये एवढं कळत होतं. गाईनं खाल्लेलं दुधातून परत आपल्याकडं येतं हे कळायला मला माझी नऊ पोती घालवावी लागली.

आता वापराबद्दल. भरायच्या आधी आतल्या दोन्ही पदरांत हवा भरून तोंड पिळा आणि गालाजवळ धरून दाबा, कुठं फुस्स येतंय का बघा. माझ्या पहिल्या सहांतल्या एकीला शिवणीपाशी नवीनच असताना बारीक भोक निघालं, दुकानदारानं बदलून दिली, पण बघितलं नसतं तर कळलंच नसतं. गच्च भरा, वर हवा कमी राहिली पाहिजे. आधी आतला पदर पिळून, दुमडून सुतळीनं बांधायचा, मग दुसरा, मग बाहेरची गोणी, तिन्ही वेगवेगळे. सुई-दाभण लावायचा नाही. जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि उंदराचा बंदोबस्त आधी, पिशवी नंतर. एकदा उघडली की हवा आत गेलीच, म्हणून मी एक पिशवी दहा-बारा दिवसांत संपेल अशाच बेतानं फोडते.

ओलाव्यासाठी मीटर नसेल तर मीठ वापरा. काचेची कोरडी बरणी, त्यात एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे एकदम कोरडं मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधराच्या वर आहे, भरू नका, परत ताडपत्रीवर घाला. मीठ खाली बसलं तर पंधराच्या खाली, मग अजून एक दिवस ऊन देऊन भरा. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा कारण फुटका दाणा म्हणजे बुरशीला उघडं दार, आणि भरण्याआधी चाळा, बारीक तुकडे आणि भुशातच सगळ्यात जास्त विष बसलेलं असतं. शहरातल्यांसाठी पण सांगते, शेंगदाणे घेतले की सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे निवडून टाका, भाजून कुटात घालू नका.

बाजारात टॉक्सिन बाइंडर म्हणून खुराकात मिसळायची, विष धरून ठेवणारी पावडर मिळते ती मी पण ठेवलीय. बेंटोनाइट मातीची असेल तर अफ्लाटॉक्सिनला चांगली धरते, फ्युजेरियमच्या विषांना फारशी नाही. तिच्या भरवशावर बुरसट मका घालायचा परवाना मिळाला असं समजू नका.

पैशाचं म्हणाल तर मला एक पिशवी २२५ ला पडली. जपून वापरली तर तीन हंगाम जाते म्हणतात, माझ्या पहिल्या सहांतल्या चार दुसऱ्या हंगामातही चांगल्या राहिल्या. तीन हंगाम धरले तर ५० किलोला हंगामाचे ७५ रुपये. बारदानात चार किलो मका किड्यांनी खाल्ला होता त्याचीच किंमत त्याच्या आसपास होते, बुरशीचं तर धरलंच नाही.

एक स्टार कापला तो माहितीपत्रकाचा. सगळं इंग्रजीत आणि हिंदीत, बारीक अक्षरात, आणि भरताना ओलावा किती हवा हे चौथ्या ओळीत. ते पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात, मराठीत पाहिजे होतं. मी माझ्या शेडच्या दाराला खडूनं लिहून ठेवलंय, १३ च्या वर भरायचं नाही, आणि त्याच्या खाली खिळ्याला मिठाची बरणी टांगलीय. शेजारच्या वहिनी परवा त्यांचा मका पदरात घेऊन आल्या होत्या, बरणी हलवून बघितली, मीठ काचेला चिकटलं, तशाच परत गेल्या आणि ताडपत्री पसरली.